बास्केटबॉल: घड्याळ किंवा हूटर चुकला तर प्रोटेस्ट कसा नोंदवायचा?

सामना एका गुणाने हातचा गेला आणि शेवटच्या सेकंदांत गेम क्लॉक (सामन्याची वेळ दाखवणारं घड्याळ) नीट चाललं नव्हतं, तर संघाला प्रोटेस्ट करून, म्हणजे अधिकृत हरकत नोंदवून, दाद मागता येते. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांत त्याची पद्धत ठरलेली आहे. मात्र वेळ फार थोडा मिळतो.

आधी मैदानावरच दुरुस्ती करून घ्यावी. घड्याळ उशिरा सुरू झालं, शिट्टीनंतरही पळत राहिलं, अशा चुका क्रू चीफने (मुख्य पंचाने) स्कोअरशीटवर सही करेपर्यंत कधीही सुधारता येतात. हूटर वाजलाच नाही किंवा गोंगाटात ऐकू गेला नाही, तर टायमरने (घड्याळ सांभाळणाऱ्याने) जमेल त्या मार्गाने पंचांना लगेच कळवायचं असतं. बॅकबोर्डभोवती लाल दिवे असतील, तर हूटरच्या आवाजाआधी दिव्याचा विचार होतो. शॉट क्लॉकचा (बास्केटसाठी चेंडू टाकायला संघाला मिळणारी वेळ मोजणाऱ्या घड्याळाचा) हूटर चुकून वाजला तर खेळ चालूच राहतो. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांचं नुकसान झालं असं पंचांना वाटलं तरच ते खेळ थांबवतात, घड्याळ दुरुस्त करतात आणि चेंडू त्याच संघाला देतात. मुलं मात्र हूटर ऐकताच जागच्या जागी थांबतात. शिट्टी होईपर्यंत खेळत राहायचं, हे सरावातच अंगवळणी पाडायला हवं.

चूक पंचांनी सुधारली नाही आणि त्यामुळे संघाचं नुकसान झालं, तर प्रोटेस्ट करता येतो. गुणनोंद, गेम क्लॉक किंवा शॉट क्लॉक यांतली चूक, सामना प्रतिस्पर्ध्याला बहाल करण्याचा, रद्द करण्याचा, पुढे ढकलण्याचा, पुन्हा सुरू न करण्याचा वा न खेळवण्याचा निर्णय आणि खेळाडूंच्या पात्रतेच्या नियमांचा भंग, एवढीच कारणं चालतात. फाउल दिला नाही, ट्रॅव्हलिंग (चेंडू हातात घेऊन चालणं) चुकीचं दिलं, यावर प्रोटेस्ट होत नाही.

सामना संपल्यापासून 15 मिनिटांच्या आत कर्णधाराने क्रू चीफला सांगून स्कोअरशीटवरच्या प्रोटेस्टसाठीच्या रकान्यात सही करायची. ही सही कर्णधाराचीच लागते, प्रशिक्षकाची चालत नाही. लेखी कारणं सामना संपल्यापासून 1 तासाच्या आत द्यायची. त्यात क्वार्टर, घड्याळावरची वेळ, त्या क्षणीचा स्कोअर आणि पंचांनी काय केलं हे नेमकं लिहावं. व्हिडिओ असेल तर त्याचा उल्लेख करावा. शुल्क 1,500 स्विस फ्रँक, तेही प्रोटेस्ट फेटाळला तरच. निर्णय 24 तासांत होतो. सामना पुन्हा खेळवता येतो, पण चूक झाली नसती तर निकाल नक्कीच वेगळा लागला असता असा ठोस पुरावा असल्याशिवाय निकाल फिरवला जात नाही.

1972 च्या म्युनिक ऑलिंपिकची अंतिम लढत प्रत्येक टेबल ऑफिशियलने (गुण आणि वेळेची नोंद ठेवणाऱ्याने) अभ्यासावी. अमेरिका 50–49 ने पुढे, 3 सेकंद बाकी. टाइमआउटच्या वादात खेळ थांबला आणि 3 सेकंद परत द्यायचं ठरलं. पण घड्याळ लावून होण्याआधीच चेंडू खेळात आला आणि हूटर वाजला. अमेरिकन खेळाडू जल्लोष करू लागले. तेच 3 सेकंद पुन्हा खेळवले गेले, अलेक्झांडर बेलोवने बास्केट केली आणि सोव्हिएत संघ 51–50 ने जिंकला. अमेरिकेचा प्रोटेस्ट 3 विरुद्ध 2 मतांनी फेटाळला गेला. ब्राझीलचे पंच रेनाटो रिगेटो यांनी स्कोअरशीटवर सही करायला नकार दिला, आणि अमेरिकन खेळाडूंनी रौप्यपदकं घेतली नाहीत. घड्याळावर योग्य वेळ दिसते आहे याची खात्री झाल्याशिवाय पंचांनी थ्रो-इनसाठी (रेषेबाहेरून चेंडू आत टाकण्यासाठी) चेंडू देऊच नये.

आपल्याकडच्या जिल्हा किंवा आंतरशालेय स्पर्धांत शुल्क किती आणि निकाल कोणती समिती देणार, हे स्पर्धेच्या नियमपत्रकात पहिल्या सामन्याआधीच पाहून ठेवावं.