खाण बंद करताय? आधी खड्डा मोजू, मग दर बोलू
(काळ्या दगडाच्या खाणपट्टाधारकांसाठी माहितीपत्रक)

"खड्डा चार हजार ब्रासचा आहे, बुजवायला किती घ्याल?" असा फोन आला की आम्ही आकडा सांगत नाही (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). बऱ्याच मालकांना याचा राग येतो. फोनवर दर का देत नाही, हे या पत्रकात लिहिले आहे.

चार हजार हा आकडा बहुतेक वेळा रॉयल्टीच्या पासांवरून (दगड बाहेर नेण्याच्या परवान्यांवरून) आलेला असतो, आणि पासावर मोजलेला असतो तो गाडीत भरलेला, फुटलेला दगड. काळा दगड फोडला की दीडपटीच्या आसपास फुगतो. म्हणजे 4,000 ब्रास डबर (फोडलेला दगड) गेला असेल, तर त्या दगडाची जागा साधारण 2,700 ते 2,850 ब्रासच भरते. पण दगडाच्या वरून काढलेली माती आणि खाणीतच इकडेतिकडे सरकवलेला मुरूम पासावर आलेला नसतो, त्यामुळे खड्डा पुन्हा मोठा निघतो. आकडा कोणत्या बाजूला चुकला आहे, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

दुसरी चूक भरावाची. 1,000 घनमीटर खड्डा म्हणजे 353 ब्रास, हा हिशेब कागदावर बरोबर आहे. पण गाडीतला मुरूम सैल असतो. थर देऊन, पाणी मारून, रोलर फिरवला की तो बसतो. म्हणून आम्ही सव्वापट धरतो: 442 ब्रास. 5 ब्रासची हायवा (डंपर) धरली तर 71 ऐवजी 89 खेपा होतात. ज्यांच्या कोटेशनमध्ये या 18 खेपा नसतात, ते स्वस्त दिसतात आणि काम अर्ध्यावर आले की वाढीव बिल पाठवतात. रोलर वगळून नुसता ढीग लोटला तर पहिल्याच पावसाळ्यात भराव खचतो, भेगा पडतात आणि त्यावर टाकलेली माती भेगांतून खाली जाते. थर 30 सेंटिमीटरपेक्षा जाड नको, यावर आम्ही अडून बसतो.

पाणी साचलेली खाण असेल तर ड्रोनच्या मोजणीवर विसंबू नका. ड्रोनला पाण्याचा पृष्ठभाग दिसतो, तळ दिसत नाही. आम्ही तराफ्यावरून दर 5 मीटरवर वजन बांधलेली दोरी सोडून खोली घेतो. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलेले असते, तेव्हा बोलवा. मोजणी अचूक होते आणि पाणी उपसायचे ठरले तर डिझेलही कमी लागते. अर्ध्या हेक्टरवर एक मीटर पाणी म्हणजे 50 लाख लिटर. सेकंदाला 10 लिटर ओढणारा पंप ते उपसायला सुमारे 140 तास घेतो, तेही दगडाच्या सांध्यांतून नवे पाणी येत नसेल तर.

खरे सांगायचे तर खोल खाण पूर्ण बुजवू नका. अर्ध्या हेक्टरच्या, सरासरी 12 मीटर खोल खड्ड्याला सैल मापाने सुमारे 26,500 ब्रास मुरूम लागेल, म्हणजे 5,300 खेपा. शिवाय तो मुरूम दुसरीकडे नवा खड्डा पाडूनच येणार, आणि त्याचा वाहतूक परवानाही लागणार. फुकट मिळतो म्हणून राडारोडा टाकू नका. प्लास्टिक, जिप्सम, तेलकट कचरा त्यातून पाण्यात उतरतो आणि आजूबाजूच्या विहिरी बिघडतात. त्यापेक्षा तळ पाणीसाठ्याला ठेवा, सुटे दगड पाडून घ्या, उभ्या कडांना पायऱ्या द्या, उतरायला एक रॅम्प ठेवा आणि चारी बाजूंनी कुंपण करा. कुंपणात काटकसर करू नका. सोडून दिलेल्या खाणींत मुले पोहायला उतरतात आणि बुडतात.

वरच्या पायऱ्यांवर आणि कडेच्या पट्ट्यात झाडे लावता येतात. 3 × 3 मीटरवर हेक्टरी 1,111 झाडे बसतात. 60 सेंटिमीटरच्या खड्ड्यांसाठी 240 घनमीटर, म्हणजे 85 ब्रास माती लागते. करंज, कडुनिंब, शिरीष, खैर तग धरतात. अंदाजात तीन उन्हाळ्यांचे पाणी धरा. लावण जून-जुलैत होते, म्हणून मातीकाम मेअखेर आटोपलेले हवे.

खाण अजून चालू असेल तर आजच एक करा: वरची काळी माती मुरमात मिसळू देऊ नका, विकूही नका. हेक्टरभर 30 सेंटिमीटर माती म्हणजे 3,000 घनमीटर. ती पुढे विकत घ्यायची झाली तर अंदाजातला मोठा खर्च तोच ठरतो. ढीग दोन मीटरपेक्षा उंच नको, आणि त्यावर ताग किंवा धैंचा ही हिरवळीची पिके पेरून ठेवा.

2012 च्या दीपककुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 5 हेक्टरखालच्या खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागू झाली. जमीन पूर्ववत करण्याच्या अटी त्या मंजुरीतच असतात. त्या वाचल्याशिवाय आम्ही अंदाजपत्रक करत नाही, कारण अटीत वृक्षारोपण असेल आणि तुम्ही नुसते कुंपण केले तर काम पुन्हा करावे लागते.

मोजणीचे शुल्क आम्ही आधी घेतो. काम आम्हाला दिलेत तर ते बिलातून वजा होते. काम स्वतःच्या पोकलेनने करणार असाल तरी नकाशा, थरांचा हिशेब आणि खेपांचा तक्ता तुमचाच राहतो. भेटीला येताना सातबारा, पट्ट्याचा करार, गटाचा मोजणी नकाशा, खाणकाम आराखडा आणि मंजुरीचे पत्र आणा. मुरूम कुठून येणार आणि ते ठिकाण किती किलोमीटरवर आहे, हेही ठरवून या. दर सगळ्यात जास्त हलतो तो या अंतराने.