एक केळं की घडभर? क्लिंगॉनमधला ‘लु’

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानकथा-मालिकेतल्या काल्पनिक क्लिंगॉन लोकांसाठी भाषाशास्त्रज्ञ मार्क ओक्रँड यांनी १९८४च्या चित्रपटाकरिता अख्खी भाषा घडवली, पुढच्याच वर्षी तिचा शब्दकोश निघाला. तिच्यात आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता. जगात हा क्रम नियम म्हणून पाळणाऱ्या भाषा अगदी मोजक्या. ब्राझीलमधली हिश्कार्याना त्यातली एक. खानदेशातल्या माणसाला मात्र तो फारसा जड जाऊ नये. ‘भाकर खास मी’ असं बोलण्याच्या ओघात आपणही म्हणतोच.

खरी गाठ क्रियापदाच्या तोंडाशी आहे. अहिराणीत ‘मी खास, तू खास, तो खास’. क्रियापद तेच, माणूस सर्वनामावरून कळतो. क्लिंगॉनमध्ये ‘षोप’ म्हणजे खाणे. ‘जिषोप’ म्हणजे मी खातो, पण काय खातो ते सांगायचं नाही. ‘विषोप’ म्हणजे मी ते खातो. ‘दाषोप’, तू ते खातोस. खाणारा आणि खाल्लं जाणारं, दोघेही एका उपसर्गात बसतात. म्हणून ‘नाख’ म्हणजे फळ असा शब्द मांडून पुढे ‘जिषोप’ म्हटलं की वाक्य चुकलं.

आता रावेरच्या केळीबागेत बसलेली पोरं डोळ्यांसमोर आणा. ‘नाख लुषोप पुकपु’ म्हणजे पोरं मिळून एकच फळ खाताहेत. ‘लु’ गाळा, ‘नाख षोप पुकपु’ म्हणा, की फळं अनेक झाली. ‘नाख’ला कुणी हातही लावला नाही! कर्ता ‘ते अनेक’ आणि कर्म ‘ते एक’ अशी जोडी असेल तेव्हा ‘लु’ येतो. कर्ता ‘ते अनेक’ आणि कर्मही ‘ती अनेक’ असेल तर उपसर्गाची जागा रिकामी राहते. माझ्या मते या भाषेचा सगळ्यात देखणा कोपरा हाच.

आणखी खोलात जाऊ. नामाला अनेकवचनाचा प्रत्यय लावायची सक्ती क्लिंगॉनमध्ये नाही, तेव्हा ‘पुकपु’तला ‘पु’ही काढता येतो. ‘नाख लुषोप पुक’ म्हटलं तरी पोरं अनेक आणि फळ एकच, कारण ‘लु’नं दोन्ही आकडे सांगून टाकले. पण ‘नाख षोप पुक’? ‘तो’ कर्ता असतानाही उपसर्गाची जागा रिकामीच असते. त्यामुळे इथे एक पोर एक फळ खात असेल, एक पोर अनेक फळं खात असेल, किंवा अनेक पोरं अनेक फळं. चौथी शक्यता, सगळ्या पोरांत मिळून एकच फळ, तेवढी बाद होते. तिला ‘लु’ लागला असता.