आधी पात्याचं पाणी, मग दगड

पुण्याला नोकरी करणाऱ्या पुतण्याने गेल्या दिवाळीत त्याच्या आईला, म्हणजे आमच्या वहिनींना, एक जपानी सुरी आणून दिली. अंबाजोगाईच्या आमच्या घरात तोवर सगळं चिरणं विळीवर चालायचं. वहिनींनी आधी नाक मुरडलं, पण कांदा कागदासारखा पातळ निघायला लागल्यावर विळी कोपऱ्यात गेली. होळीपर्यंत सुरी बोथट झाली. गल्लीत सायकल उभी करून पायडलवर दगडी चाक फिरवणारा धारवाला आला, त्याच्याकडे मीच ती दिली. ठिणग्यांचा फवारा उडाला, दोन मिनिटांत सुरी चकचकीत होऊन हातात आली. आठ दिवसांत ती टोमॅटो कापायच्या ऐवजी चेपायला लागली. उन्हात धरून पाहिलं तर टोकाकडे धारेलगत निळसर जांभळी रेघ.

खुरपी शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून, घ्यायला लोहाराकडे गेलो, तेव्हा सुरीही सोबत नेली. त्याने ती एकदाच फिरवून पाहिली.

"ह्याचं पानी उतरलंय की सर. आता कितीबी घासा, धार टिकत नसती."

मराठवाड्यात पाणी उतरलं म्हटलं की आधी विहीर आठवते. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो उन्हाळा इथे कोण विसरेल? पण लोहाराचं पाणी वेगळं, आणि धार लावायचं कोणतंही साधन विकत घेण्याआधी ते समजून घेतलेलं बरं. माझी चूक तिथेच झाली होती. साधन वाईट नव्हतं, त्या पात्यासाठी ते चुकीचं होतं.

पोलाद म्हणजे लोखंड आणि त्यात थोडासा कार्बन. चांगल्या सुरीत तो साधारण अर्धा ते दीड टक्का असतो. लोहार पातं लालबुंद तापवतो, सुमारे ८०० अंश सेल्सियसपर्यंत. त्या तापमानाला लोखंडाच्या अणूंची रचना बदलते आणि कार्बनचे अणू त्या जाळीत सहज सामावतात. पातं सावकाश निवू दिलं तर कार्बन हळूहळू बाहेर पडून आपला वेगळा संसार थाटतो, आणि पातं मऊ राहतं. तेच एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवलं तर कार्बनला बाहेर पडायला सवडच मिळत नाही. तो जागच्या जागी अडकतो, जाळी ताणलेल्या अवस्थेत गोठते. या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात. ती अतिशय कडक असते, पण ठिसूळही. असं पातं दगडावर पडलं तर तुकडा उडायचा. म्हणून ते पुन्हा थोडं तापवून ताण जरा सैल करतात. हा सगळा खटाटोप म्हणजे पात्याला पाणी देणं.

जुन्या लोहारांची यातली एक युक्ती पाहण्यासारखी असते. ते फक्त धारेचा भाग पाण्यात बुडवतात, पाठ तापलेलीच ठेवतात, आणि धार घासून उजळ करून नुसते बघत बसतात. पाठीची उष्णता धारेकडे सरकते तसे रंग चढतात: २२० अंशांच्या आसपास फिका पिवळा, मग तपकिरी, २८० च्या सुमाराला जांभळा, ३०० ला निळा. हवा तो रंग दिसला की पातं पुन्हा पाण्यात. हे रंग पोलादाचे नसतात. पृष्ठभागावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर येतो, त्याच्या जाडीप्रमाणे प्रकाशाचे रंग बदलतात. पावसाळ्यात डबक्यावरच्या तेलात इंद्रधनुष्य दिसतं, त्याचं कारणही हेच.

आता आमच्या सुरीवरच्या निळ्या रेघेचा अर्थ लागतो. कोरड्या फिरत्या चाकावर धारेचा तो भाग ३०० अंशांपर्यंत तापला होता. पाठीला हात लावला असता तर कोमट लागली असती. पण धारेजवळ पातं इतकं पातळ असतं, की उष्णता सामावायला तिथे लोखंडच नसतं. कारखान्याने जपून दिलेलं पाणी दोन मिनिटांत उतरलं. कुऱ्हाड किंवा कोयता अशा चाकावर चालून जातो, कारण तो जाड असतो आणि मुळात फार कडक नसतो. त्या धारवाल्याचा आयुष्यभराचा अनुभव अशाच पात्यांवरचा.

सुश्रुतसंहितेत शल्यक्रियेच्या शस्त्रांचा एक अध्याय आहे. त्यात पाणी देण्याला पायना म्हटलंय, आणि ती तीन प्रकारची सांगितलीय: क्षारात, पाण्यात आणि तेलात. शिवाय धारेची जाडीही कामाप्रमाणे वेगळी सांगितलीय. भेदनाच्या, म्हणजे चिरून उघडायच्या शस्त्राला मसुराएवढी, लेखनाच्या, म्हणजे खरवडायच्या शस्त्राला त्याच्या निम्मी, शिरा टोचायच्या शस्त्राला केसाएवढी आणि छेदनाच्या शस्त्राला अर्ध्या केसाएवढी. धार लावायला उडदाच्या रंगाचा गुळगुळीत दगड, आणि ती बसवायला सावरीच्या लाकडाची फळी. सगळ्या पात्यांना एकच साधन, हा विचार तिथे कुठेच नाही.

पात्याचं पाणी घरच्या घरी ओळखता येतं, त्यासाठी लागते ती कानस. तिची कड पात्याच्या टाचेजवळ, कामात न येणाऱ्या जागी, हलकेच फिरवायची. कानस चावली, बारीक कीस निघाला, तर पातं कानशीपेक्षा बरंच मऊ आहे. काचेवर फिरवल्यासारखी सरकली, तर पातं कानशीच्या तोडीचं. कारखान्यात हा कडकपणा रॉकवेल सी या मापात मोजतात. कानस साधारण ६० ते ६५. दुकानात मिळणारी स्वस्त स्टेनलेस सुरी ५२ ते ५६, जपानी धाटणीची ६० च्या वर. गाडीच्या कमानपाट्यापासून घडवलेला कोयता बहुधा पन्नाशीच्या आतच असतो.

म्हणून कोयत्याला कानस हेच खरं साधन. बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला हिशेबात 'एक कोयता' म्हणतात. माणसाची ओळखच ज्या हत्याराने होते, ते हत्यार फडात बसून, पाणी न लागता, पाच मिनिटांत धारेवर आणता आलं पाहिजे. तिथे मऊपणा हा दोष नसतो. ऊस तोडताना कोयता ढेकळाला, खड्याला लागतोच. कडक पातं असतं तर कपचा उडाला असता. मऊ पात्याची धार नुसती वळते, आणि वळलेली धार कानशीने सरळ होते. उसाचं, ज्वारीचं, एकूणच गवतवर्गातलं पीक पात्याला एरवीही खातं. या झाडांच्या पेशींत सिलिकाचे सूक्ष्म कण साठलेले असतात आणि ते मऊ लोखंडाला पॉलिश पेपरसारखे घासत राहतात.

पण नुसती धार घासत राहिलं की एक वेगळंच दुखणं सुरू होतं. पातं पाचरीसारखं असतं. धार मागे मागे सरकली की पाचर जाड होते. वर्षभर घासलेला इळा टोकाला धारदार लागतो, तरी कापताना अडतो. त्यावर दगड किंवा कानस उपयोगाची नाही. पातं तापवून, ठोकून पुन्हा पातळच करावं लागतं. शेवटणं म्हणतात ते हेच. खुरपं, कुऱ्हाड, कुळवाची पास यांना वर्षा-दोन वर्षांनी ऐरण दाखवावीच.

स्वयंपाकघरातलं बोथट होणं थोडं गमतीचं आहे. कोथिंबीर पोलादाला कशी झिजवेल? अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात २०२० साली हाच प्रश्न दाढीच्या ब्लेडबद्दल विचारला गेला. केस ब्लेडपेक्षा सुमारे ५० पट मऊ. तरी सूक्ष्मदर्शकाखाली ब्लेडच्या कडेचे कपचे उडताना दिसले. पोलाद आतून एकजिनसी नसतं, त्यात कडक-मऊ भागांच्या सीमा असतात. केस वाकून अशा सीमेवर तिरका दाबला गेला की तिथून टवका निघतो. आपल्या सुरीचे हाल तर याहून वाईट, कारण बऱ्याच घरांत भाजी थेट ग्रॅनाइटच्या ओट्यावर चिरतात. ग्रॅनाइटमधली गार, म्हणजे क्वार्ट्झ, पोलादापेक्षा कडक. लाकडी पाट घेतला तर धार लावायचं निम्मं काम वाचेल.

दगडाचंही असंच. धार लावणं म्हणजे कडक कणांनी मऊ पदार्थ ओरबाडणं, तेव्हा दगडातले कण पात्यापेक्षा कडक हवेत. मराठवाड्याचा बहुतेक भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून झालेल्या काळ्या बेसाल्टचा. त्यातली खनिजं कडकपणा मोजायच्या मोहस् पट्टीवर (१ ते १०) ५ ते ६.५, म्हणजे कडक पोलादाच्या आसपासच. लहानपणी विहिरीच्या काठावर इळा घासलेला मी पाहिलाय. मऊ लोखंडाला ते चालतं, चांगल्या सुरीला नाही. शेतात सापडणारी गारगोटी ७ च्या घरातली, पण ती काचेसारखी गुळगुळीत, धरणार कशाने? पूर्वेला देगलूरकडे बेसाल्ट संपून ग्रॅनाइट लागतो, त्यात गारेचे कण असतात, पण जाडेभरडे. एकूण धारेच्या दगडाच्या बाबतीत आपली जमीन कंजूष.

त्यावरचा जुना तोडगा कुरुंद हे खनिज, मोहस् पट्टीवर ९. हा शब्द तामिळमधून युरोपात गेला आणि कोरंडम झाला. पुढे १८९१ साली अमेरिकेतल्या एडवर्ड अ‍ॅचेसनने कृत्रिम हिरे करायच्या नादात माती आणि कोक-कोळसा विजेने तापवला. हिरे मिळाले नाहीत, कुरुंदाहूनही कडक चमकते स्फटिक मिळाले. कार्बन आणि कोरंडम जोडून त्याने नाव ठेवलं कार्बोरंडम; ते निघालं सिलिकॉन कार्बाइड. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी करड्या-काळ्या रंगाची दुहेरी वीट बहुधा याच स्फटिकांची असते. एक बाजू भरड, दुसरी बारीक. साध्या घरासाठी ती पुरते. जास्त चोखंदळ असाल तर दगडावर आकडा लिहिलेला घ्या: ४०० म्हणजे भरड, १००० म्हणजे कण १५ मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांच्या) आतबाहेर. त्यापुढे ३०००, ६००० चे दगड मिळतात, पण भाजीसाठी त्यांची हौस मला पटत नाही. टोमॅटोची साल धरायला धारेवर बारीक खरबरीतपणा थोडा असलेलाच बरा.

कडक सुरी असेल तर हिऱ्याची पट्टी घ्यावी. लोखंडी पट्टीवर हिऱ्याचे बारीक कण बसवलेले असतात. ती झिजून खोलगट होत नाही, पाणी चार थेंब पुरतं. फक्त हाताने वापरायची. मशीनच्या वेगाने तापली तर हिऱ्यातला कार्बन चक्क लोखंडात विरघळायला लागतो.

व्ही आकाराच्या खाचेतून सुरी ओढायचं प्लॅस्टिकचं साधन हल्ली घरोघरी दिसतं. त्यातली कार्बाइडची दोन पाती धार लावत नाहीत, सोलतात. स्वस्त सुरीला चालेल, महागड्या सुरीला ते दाखवूही नका. खाटकाकडची गोल सळई ही वेगळीच गोष्ट. ती लोखंड जवळजवळ काढत नाही, वळलेली धार सरळ करते, म्हणून मऊ सुरीला रोज चालते. आणि काहीच हाताशी नसेल तर चिनी मातीचा कप उलटा करा. बुडाच्या कड्याला झिलई नसते, तो खरखरीत भाग पात्याला दोन-चार फेऱ्यांत जागं करतो.

कोनाची भीती अनेकांना वाटते. सुरीला बाजूगणिक १५ ते २० अंश, कोयत्या-कुऱ्हाडीला २५ ते ३०. चार सेंटिमीटर रुंदीचं पातं दगडावर ठेवून पाठ सव्वा सेंटिमीटर उचलली की १८ अंश होतात. पाठीखाली करंगळी मावेल एवढं अंतर. कोन एखाद्या अंशाने चुकला तरी बिघडत नाही, घासताना हलला तर बिघडतं. धारेवर मार्कर पेनची रेघ ओढून चार हात घासा; शाई कुठून गेली ते पाहिलं की कोन कळतो. एका बाजूने घासत राहिलं की पलीकडच्या कडेला लोखंडाची नखाला अडकणारी झालर येते. वर्कशॉपमधली पोरं तिला बर म्हणतात. ती टोकापासून टाचेपर्यंत आली की बाजू बदलायची, तोवर नाही. बहुतेकांची धार नीट लागत नाही ती इथे घाई केल्यामुळे. शेवटी दाब कमी करत दोन्ही बाजू आळीपाळीने घासून ती झालर काढायची आणि पातं चामड्याच्या पट्ट्यावर उलट्या दिशेने ओढायचं. सुश्रुताची सावरीची फळी मी करून पाहिलेली नाही, पण करणार आहे.

विळीचं पातं वाकडं, त्याला दगड पुरता टेकत नाही. ती आडवी पाडून, पाय देऊन, अरुंद कानस धारेच्या वळणाने न्यावी. साध्या लोखंडाची विळी असेल तर लिंबू-कांद्यानंतर लगेच पुसावी, नाहीतर गंज धार खातो. म्हणून तर स्टेनलेस आलं. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ साली गंज न धरणारं पोलाद ओतलं, तेव्हा कारागिरांनी त्याची 'न कापणाऱ्या सुऱ्या शोधणारा' म्हणून टिंगल केली होती.

आमच्या सुरीची निळी रेघ अखेर हातानेच काढली. हिऱ्याच्या पट्टीवर, पाण्याचे थेंब टाकत, सलग तीन संध्याकाळी. पाणी उतरलेलं लोखंड झिजवून टाकलं आणि आतलं कडक लोखंड धारेवर आलं. सुरी केसभर अरुंद झाली असेल, वहिनींच्या लक्षातही आलं नाही. पट्टी लोहाराला दाखवायला नेली. त्याने तिच्यावर अंगठा फिरवला, दोन्ही बाजू पाहिल्या, किंमत विचारली. मग जवळचा एक कोयता तिच्यावर घासून पाहिला. दहा-बारा हात मारल्यावर पट्टी माझ्याकडे देऊन त्याने भिंतीला अडकवलेली कानस काढली.