पारा मोजायला बोलावलंय? मग आदल्या रात्री खोलीला कुलूप लावा

नमस्कार.

"पारा सांडलाय, हवा तपासून द्या" असा फोन आला की आम्ही आधी विचारतो, खोली कधीपासून बंद आहे? बहुतेक वेळा उत्तर येतं, "बंद कशाला? तुम्ही येणार म्हणून सकाळीच खिडक्या उघडल्या, पंखे लावले, फिनाईलने पुसून घेतलं." हेतू चांगला असतो. पण आमची छत्रपती संभाजीनगरहून तिथवरची खेप वाया जाते आणि तुमचे पैसेही. उघड्या खोलीत आम्ही मोजतो ती बाहेरून आलेली हवा. फरशीतला पारा जागच्या जागी असतो.

मागे बीड जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात पाऱ्याचं बीपी मशीन टेबलावरून पडलं. अशा एका मशीनमध्ये साधारण १०० ग्रॅम पारा असतो, ताप मोजायच्या थर्मामीटरमध्ये जेमतेम एक ग्रॅम. मावशींनी झाडूने गोळा केला, पण झाडूने पारा गोळा होत नाही, बारीक थेंब होऊन पसरतो. खाली शहाबादी फरशी, सांधे उकललेले. डिसेंबरात, खिडक्या उघड्या असताना मोजलं. आकडा इतका कमी की सगळे निर्धास्त झाले. एप्रिलात ती खोली औषधांच्या साठ्याला द्यायची म्हणून डॉक्टरसाहेबांनी पुन्हा बोलावलं. या वेळी खोली रात्रभर बंद होती आणि आकडा कित्येक पटींनी चढला. बॅटरी फरशीला टेकवून आडवी धरली, तर सांध्यांत मोहरीएवढे थेंब रांगेने चमकत होते.

यात बंद दाराइतकाच हात उन्हाळ्याचा आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की पाऱ्याची वाफ दुपटीहून थोडी जास्तच होते. २० अंशांना, पारा उघडा असलेल्या बंद जागेत एका घनमीटर हवेत १३ मिलिग्रॅमपर्यंत वाफ मावते. ४० अंशांना ६० च्या आसपास. कामाच्या जागी आठ तासांसाठी अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी सुचवलेली मर्यादा आहे ०.०२५ मिलिग्रॅम, म्हणजे २५ मायक्रोग्रॅम. वर्षभराच्या सरासरीसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा १ मायक्रोग्रॅम आहे. वाफेला रंग नाही, वास नाही. त्यामुळे आपल्याकडच्या पत्र्याच्या खोलीत थंडीत मिळालेला चांगला रिपोर्ट उन्हाळ्यापर्यंत धरून चालू नका. थंडीत आमच्याकडून मोजून घेतलं असेल, तर एप्रिल-मेची फेरी आम्ही निम्म्या दरात करतो.

एक गैरसमज मात्र होऊ देऊ नका. पारा सांडला त्या दिवशी माणसं बाहेर काढा, आतल्या बाजूचं दार लावून बाहेरच्या खिडक्या उघडा, कूलर-एसी बंद ठेवा. झाडू नको, व्हॅक्यूम तर मुळीच नको. जाड कागदाने थेंब एकत्र ढकला, ड्रॉपरने उचला आणि झाकणाच्या बाटलीत पाण्याखाली ठेवा. बेसिनमध्ये ओतू नका. कुलूप लावायचं ते सफाईनंतर, आम्ही येण्याच्या आदल्या रात्री, आत कोणी नसताना. त्या दिवशी थिनर किंवा ताजा रंगही नको. त्यांच्या वाफेने आमचं हातातलं मीटर फसतं आणि आकडा खोटा वाढतो.

"मीटर दोन मिनिटांत आकडा दाखवतं, मग तुमचा माणूस दिवसभर बसतो कशाला?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. मीटर पारा कुठे दडलाय ते दाखवतं. तिथे काम करणाऱ्याच्या छातीत दिवसभरात किती जातो, ते नळी सांगते. हॉपकलाइट (पारा धरून ठेवणारे दाणे) भरलेल्या नळीतून पंप मिनिटाला ०.२ लिटर हवा ओढतो. आठ तासांत ९६ लिटर. त्या वेळी खोलीत रोजचं काम रोजच्यासारखं चालू द्या. सोबत एक कोरी नळी तिथेच उघडून बंद करतो आणि तिचीही तपासणी करतो. तिचे पैसे का, असं विचारलं जातं. वाटेत किंवा हाताळताना पारा लागला नाही, हे तिच्याशिवाय कळणार कसं? ती नको म्हणणाऱ्यांना आम्ही रिपोर्ट देत नाही.

परळीकडचे ग्राहक थर्मलबद्दल, म्हणजे तिथल्या कोळशावरच्या वीज केंद्राबद्दल विचारतात. कोळशात पारा अत्यल्प असतो, पण कोळसा टनावारी जळतो. चिमणीतल्या वायूसाठी केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅम ही मर्यादा घातली. बाहेर पडलेली वाफ महिनोन्‌महिने हवेत फिरते, म्हणूनच उत्तर गोलार्धात गावापासून दूरच्या मोकळ्या हवेतही साधारण दीड नॅनोग्रॅम सापडतो. मायक्रोग्रॅमचा हजारावा भाग तो नॅनोग्रॅम. रिपोर्ट वाचताना एकक आधी बघा. बाहेरचं गणित खोलीच्या उलट आहे. थंडीत रात्रीची गार हवा जमिनीलगत बसते, धूर खालीच अडकतो, म्हणून धुराच्या आसपास पहाटेचा आकडा दुपारपेक्षा अनेकदा जास्त येतो. पाऊस पडला म्हणून हवा धुतली, असंही नाही. पाऱ्याची साधी वाफ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. बाहेरची हवा मोजायला सोन्याचा थर असलेली नळी लागते, कारण सोनं पारा धरून ठेवतं. ते काम वेगळं, दर वेगळा; फोनवर आधी सांगा.

आदल्या रात्री कुलूप लावलंत की वेळ लिहून आम्हाला व्हॉट्सअ‍ॅप करा. सकाळी ते आमच्यासमोरच उघडू.