लाईन चालू आहे म्हणजे शीर ठीक आहे असं नसतं

सिरिंज लावली, सलाईन आरामात आत गेलं, पण दट्ट्या मागे ओढला तर रक्त काही येईना. मग नर्स म्हणते हात वर करा, खोका, मान वळवा, आणि कधीकधी येतंही रक्त. सेंट्रल लाईन, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेलेली नळी (कॅथेटर), असलेल्या पेशंटच्या घरच्यांना हे चांगलंच माहिती असतं. बऱ्याचदा यामागे कॅथेटरच्या टोकाशी लोंबणारी फायब्रिनची, म्हणजे रक्त गोठताना बनणाऱ्या धाग्यांची, पातळ जीभ असते, आतून ढकललं की ती बाजूला होते आणि ओढलं की तोंडावर येऊन बसते. पेशंट सिकल सेलचा, म्हणजे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराचा, असेल तर याकडे अजिबात दुर्लक्ष करू नका, कारण मोठ्या गुठळीची सुरुवातही अशीच होऊ शकते.

मुळात लाईन लागते का, तर लहानपणापासून इतक्या सुया टोचून झालेल्या असतात की हाताला शीर सापडतच नाही. त्यात काहींना दर महिन्याला रक्त चढवावं लागतं किंवा एक्स्चेंज, म्हणजे स्वतःचं रक्त काढून त्याजागी दुसऱ्याचं देणं, करावं लागतं. हे उगाच करत नाहीत, 1998 साली सिकल सेलच्या मुलांवरच्या स्टॉप नावाच्या ट्रायलमध्ये दिसलं की ज्या मुलांच्या मेंदूच्या डॉपलरमध्ये, म्हणजे वाहतं रक्त दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, रक्ताचा वेग सेकंदाला 200 सेंटीमीटर किंवा जास्त आहे त्यांना नियमित रक्त दिलं तर पहिल्या स्ट्रोकचा धोका जवळपास 90 टक्क्यांनी कमी होतो. त्यामुळे लाईन वाईट असं माझं म्हणणं नाही, कितीतरी मुलं तिच्यामुळे धडधाकट राहिलीत.

पण गुठळी का होते ते बघा. 19व्या शतकातले जर्मन डॉक्टर रुडॉल्फ विर्शो यांच्या नावाने तीन कारणं ओळखली जातात, रक्ताचा वेग मंदावणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्तच गोठायला टपलेलं असणं. कॅथेटर पहिली दोन कारणं आणतो आणि तिसरं सिकल सेलच्या पेशंटकडे आधीच हजर असतं. साधी लाल पेशी 120 दिवस जगते, सिकल पेशी जेमतेम 10 ते 20 दिवस, म्हणजे सतत पेशी फुटतायत, त्यातलं हिमोग्लोबिन रक्तात सांडतंय आणि शिरांना सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साईड खाऊन टाकतंय. शिवाय पेशीच्या आवरणात आतल्या बाजूला असायला हवी ती एक चरबी, फॉस्फॅटिडिलसेरीन, ती बाहेर उघडी पडते आणि रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना बसायला आयती जागा मिळते. प्लेटलेट सतत चेतवलेल्या आणि गोठणं आवरणारी प्रोटीन सी आणि एस कमी. अमेरिकेतल्या एका क्लिनिकमधल्या 404 मोठ्या पेशंटचा अभ्यास 2013 मध्ये छापून आला होता, त्यात साधारण चौघांतल्या एकाला शिरेतली गुठळी कधी ना कधी होऊन गेलेली होती, आणि हे तसे तरुण लोक.

आता शिरेच्या मापाचं बघू, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कॅथेटरची जाडी फ्रेंच या मापात सांगतात, 1 फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिलीमीटर. दंडातली शीर 4 मिलीमीटर रुंद असेल आणि त्यात 6 फ्रेंचची पिक लाईन, म्हणजे दंडातून टाकायची सेंट्रल लाईन, घातली तर 2 मिलीमीटर तिनेच अडवले, म्हणजे निम्मी रुंदी. पण फ्लो निम्मा होत नाही, त्याहून खूपच कमी होतो, कारण आता रक्ताला शिरेच्या भिंतीलाही घासत जायचंय आणि कॅथेटरलाही. म्हणून शिरेच्या रुंदीच्या 45 टक्क्यांपेक्षा जाड लाईन नको असं सांगतात. इथे 4 फ्रेंच चालली असती, पण एक्स्चेंजला जाड लाईनच लागते, मग दंडाऐवजी मानेची किंवा छातीची मोठी शीर बघावी लागते.

गुठळी झाली की हात सुजतो, जड वाटतो, खांद्याजवळ किंवा छातीवर निळ्या शिरा उठून दिसायला लागतात, मान आवळल्यासारखी वाटते. कधीकधी मात्र काहीच जाणवत नाही. गुठळीचा तुकडा फुफ्फुसात गेला तर छातीत दुखतं, धाप लागते, आणि अडचण अशी की सिकल सेलच्या क्रायसिसमध्ये (अचानक उठणाऱ्या तीव्र दुखण्यात) किंवा अक्यूट चेस्ट सिंड्रोममध्येही (याच आजारातल्या फुफ्फुसाच्या त्रासात) हेच होतं त्यामुळे गुठळीचा विचारच मागे पडतो. डी-डायमरची, म्हणजे गुठळी विरघळताना रक्तात येणाऱ्या तुकड्यांची, टेस्टही फारशी कामाची नाही कारण या पेशंटमध्ये तो एरवीही वाढलेला असतो, हातासाठी डॉपलर आणि फुफ्फुसासाठी स्कॅन करूनच बघावं लागतं.

टोकाशी अडलेली लाईन अल्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं औषध सोडून बऱ्याचदा मोकळी होते. शिरेत गुठळी असेल तर रक्त पातळ करणारं औषध निदान 3 महिने, आणि लाईन गरजेची असेल, नीट चालत असेल तर ती लगेच उपटून काढावी लागते असंही नाही. पण ज्या क्रायसिससाठी टाकली तो संपून गेला आणि लाईन तशीच राहिली, हे मात्र होता कामा नये, त्यामुळे राउंडला डॉक्टर आले की आज लाईन लागणार आहे का हे रोज विचारा, कुणाला राग आला तरी चालेल.

आणि दंडातून पिक लाईन टाकली असेल तर पहिल्याच दिवशी कोपराच्या 10 सेंटीमीटर वर टेप लावून दंडाचा घेर मोजून लिहून ठेवा. पुढे तो 3 सेंटीमीटरने वाढलेला दिसला आणि सूजही असेल तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी डॉपलर करून मागा.