दार लावून बोलायचं कुठे?

ऑनलाइन थेरपीचं, म्हणजे मोबाइलवरून मनाच्या उपचाराचं, पहिलं सेशन मी गाडीत बसून केलं. अमळनेरच्या बाहेर कपाशीच्या बांधाला गाडी लावली, काचा वर, एसी चालू, मोबाइल स्टेअरिंगला टेकवलेला. घरात तीन खोल्या आहेत, तिन्हींना दारंही आहेत. पण आमच्याकडे भरदुपारी दार लावून बसलेल्या माणसाची चौकशी होते. पाच मिनिटांत आई चहा घेऊन येते, दहाव्या मिनिटाला काकू बाहेरून विचारते, "काय व्हयनं रे, बरं नही का?"

स्क्रीनवर पुण्यातल्या मानसशास्त्रज्ञ बाई होत्या. नमस्कार झाल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "तुम्ही आत्ता नेमके कुठे बसलाय?" मला वाटलं, ओळख वाढवायला विचारतायत. पण हा प्रश्न चांगले थेरपिस्ट दर सेशनला विचारतात. ते लांब असतात, माझ्या बाई तर तीनशेहून जास्त किलोमीटरवर. बोलता बोलता समोरच्याची तब्येत बिघडली किंवा जिवाचं काही बरंवाईट करण्याची गोष्ट निघाली, तर जवळ धावून कोण येणार, हे त्यांना आधी माहीत हवं. म्हणूनच सुरुवातीच्या फॉर्ममध्ये घरातल्या एका माणसाचा किंवा मित्राचा नंबर मागतात. त्याच फॉर्ममध्ये गोपनीयतेचं कलम असतं, ते सावकाश वाचा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारातली माहिती गुप्त राखण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. अपवाद मोजके आहेत. त्यातला मुख्य म्हणजे कुणाच्या जिवाला धोका असणं.

आपल्याकडे ऑनलाइनचा पहिला फायदा साधा आहे. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. खान्देशात एकही नाही. जळगाव-धुळ्यात खासगी डॉक्टर आहेत, चांगले आहेत, पण त्यांच्या दवाखान्याबाहेर उभी केलेली मोटारसायकल ओळखणारं कुणीतरी भेटतंच. संध्याकाळपर्यंत गावात बातमी: अमक्याचा पोऱ्या येड्याच्या डॉक्टरकडे जातो. स्क्रीनवर ही भीती नाही. पण एक तपासून घ्या. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर पुढे शिकलेला डॉक्टर, तो गोळ्या लिहू शकतो. बोलण्यातून उपचार करणाऱ्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची) नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नुसत्या 'थेरपिस्ट' किंवा 'कौन्सेलर' या पाटीमागे मात्र काहीही असू शकतं. शिक्षण आणि नोंदणी क्रमांक सरळ विचारा. विचारल्याचा राग आला तर तिथेच उत्तर मिळालं. फी, वेळ बदलायचे नियम, ऐनवेळी रद्द केलं तर पैसे जातात का, हेही पहिल्याच दिवशी.

पहिल्या सेशनकडून माझी अपेक्षा कृषी केंद्रासारखी होती. पान दाखवायचं, दुकानदार म्हणणार, अमुक औषध मारा. तसं झालं नाही. पन्नास मिनिटं नुसती माहिती: झोप, भूक, जुनी आजारपणं, दारू, घरातली माणसं, याआधीचे उपचार. मरून जावंसं वाटतं का, हाही प्रश्न आला, आवाज न बदलता. असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. उलट अनेकांना सुटल्यासारखं वाटतं. मग पीएचक्यू-9 नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, गुण 0 ते 27. हा आकडा म्हणजे निदान नव्हे. वजनकाट्यासारखा पुढेमागे बघायला ठेवलेला असतो. मी तो परीक्षेच्या निकालासारखा मनाला लावून घेतला, तो माझा मूर्खपणा.

खरी गंमत नेटवर्कची. दुसऱ्या सेशनला मी जरा जिव्हारी लागलेली गोष्ट सांगितली आणि बाई गप्प. वाटलं, संपलं, हिला मी रडका वाटलो. दीड सेकंदाने त्यांचं "हं, सांगा" पोचलं. माणसं समोरासमोर बोलतात तेव्हा एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण 200 मिलिसेकंद लागतात. डोळ्याची पापणी लवायला लागतो साधारण तेवढाच वेळ. 2009 मध्ये जगभरातल्या दहा भाषा तपासून संशोधकांनी हे मोजलं. त्यापेक्षा बरीच लांबलेली शांतता आपल्याला नकारासारखी वाटू शकते. 2014 च्या एका प्रयोगात फोनच्या लाइनमध्ये मुद्दाम उशीर घातला, तर लोकांनी दोष लाइनला दिला नाही. पलीकडचा माणूसच त्यांना कमी लक्ष देणारा वाटला. रेंज गावाबाहेरच्या टॉवरची, आणि आपण मात्र समजतो की समोरच्याला आपलं पडलेलं नाही! बाईंना हे सांगून टाकलं. तेव्हापासून नियम ठरला: चित्र अडकलं की व्हिडिओ बंद, आवाज चालू, लाइनच तुटली तर त्या साध्या फोनवर लावणार. स्वतःचा चेहरा दाखवणारी चौकट मी लपवून टाकली. तासभर आरशात बघत कोण रडेल?

मग समोरासमोर बसण्याची सर येते का? नैराश्य आणि चिंता यांच्या बाबतीत व्हिडिओवरची थेरपी आणि खोलीतली थेरपी यांची तुलना झाली आहे. फरक फार पडत नाही. मात्र भास होत असतील, किंवा ज्याच्यापासून त्रास तोच शेजारच्या खोलीत असेल, तर स्क्रीन पुरत नाही. जीव नकोसा झाला असेल तर पुढच्या बुधवारच्या सेशनची वाट बघू नका. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

किती सेशन लागतील, हे मीही विचारलं. 1986 मध्ये हॉवर्ड नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी बरेच जुने अभ्यास एकत्र केले, तेव्हा आठव्या सेशनपर्यंत सुमारे निम्म्या लोकांत सुधारणा दिसली, सव्विसाव्यापर्यंत तीन चतुर्थांशांत. ही सरासरी आहे. सेशननंतर एखादी संध्याकाळ आधीपेक्षा जड जाते, तेही धरून चाला.

भाषेचं मात्र मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. घरची बोली अहिराणी, पण मी बाईंशी शाळेतल्या मराठीत बोलत होतो, नीटनेटकं, निबंधासारखं. 2003 च्या एका प्रयोगात तुर्की मातृभाषा असलेल्यांना लहानपणीची रागावण्याची वाक्यं तुर्कीत आणि इंग्रजीत ऐकवली आणि त्वचेवरचा सूक्ष्म घाम मोजला. तुर्की वाक्यांना तो जास्त होता. शिकलेल्या भाषेत दुःख थोडं लांबून दिसतं. कधी ते सोयीचंही असतं.

चौथ्या सेशनला वडिलांचा विषय निघाला. मी म्हणालो, "तेव्हा अस्वस्थता जाणवते." बाई म्हणाल्या, "घरी याला काय म्हणता?"

"जीव घाबरा व्हस," मी म्हणालो, आणि पुढचं बोलता येईना.

त्यांना अहिराणी येत नाही. त्या म्हणाल्या, "पुन्हा एकदा म्हणा." मी म्हटलं. नंतरची पाच-सात मिनिटं रेंज उत्तम होती आणि दोघंही गप्प होतो.

फोन ठेवून काच खाली केली, तर बांधावरून एक म्हातारबाबा वाकून बघत होते.

"गाडी बंद पडनी का, भाऊ?"

"नही बाबा, फोन चालू व्हता."