आतड्यातून बेंबीपर्यंत: कॅन्सरच्या आडवाटा

नागपूरच्या मेडिकलमध्ये किंवा तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलात विदर्भातून, छिंदवाडा-बालाघाटकडूनही पेशंट येतात. मोठ्या आतड्याचा कॅन्सर 'लिव्हरमध्ये गेला' हे तिथे नेहमीचं. 'मेंदूत गेला', 'बेंबीत गाठ आली' म्हटलं की मात्र घरचे बुचकळ्यात पडतात: पोटातलं दुखणं तिथवर पोचलं कसं?

प्रश्न जुनाच आहे. लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी 1889 मध्ये स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या 735 स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. रक्त सगळीकडे जातं, मग गाठी ठरावीक अवयवांतच का? बी कुठेही पडेल, रुजेल मानवणाऱ्या मातीतच, हे त्यांचं उत्तर. काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. चिबड, पाणी साचणाऱ्या जमिनीत चांगली कलमंही मरतात.

अमेरिकेचे पॅथॉलॉजिस्ट (गाठीचा तुकडा तपासणारे डॉक्टर) जेम्स युइंग यांनी 1928 च्या सुमारास मातीपेक्षा रक्ताच्या वाटेवर बोट ठेवलं. आतड्याच्या बाबतीत ते बरंच पटतं. आतड्याचं रक्त पोर्टल शिरेतून आधी यकृतात जातं, म्हणून पहिली गाठ बहुधा तिथेच. गुदाशयाच्या अगदी खालच्या शिरा मात्र यकृत टाळून हृदयाकडे आणि पुढे फुप्फुसांत रक्त नेतात. मणक्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्यात झडपा नसतात. त्यातून कॅन्सर फुप्फुसांना बगल देऊन हाडांत पोचू शकतो, हे 1940 मध्ये शरीररचनातज्ज्ञ बॅटसन यांनी मांडलं.

बेंबीची गोष्ट अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकची. (आपल्या नागपूरच्या सेंट्रल अव्हेन्यूवरच्या मेयो हॉस्पिटलची नव्हे!) ऑपरेशनआधी पोट स्वच्छ करताना सिस्टर मेरी जोसेफ यांच्या हाताला बेंबीत कडक गाठ लागायची, आणि आत कॅन्सर पसरलेला निघायचा. 1928 मध्ये त्यावर लिहिलं डॉ. विल्यम मेयो यांनी. गाठीला सिस्टरचं नाव मिळालं 1949 मध्ये, त्या जाऊन दहा वर्षं झाल्यावर. निरीक्षण कुणाचं होतं हे मान्य करायला उशीरच झाला म्हणायचा.

आतड्याच्या कॅन्सरचा मेंदूत फैलाव आजही साधारण शंभरातल्या एक ते तिघांतच दिसतो. थायरॉइड, त्वचा, स्नायू ही ठिकाणं आणखी विरळ. पण पेशंट आता केमोवर जास्त वर्षं काढतात आणि पेट स्कॅन अंगभर बघतो, त्यामुळे पूर्वी नजरेत न येणाऱ्या गाठी सापडतात. मग खरा पेच पॅथॉलॉजिस्टपुढे असतो: थायरॉइडमधली गाठ नवा कॅन्सर आहे की आतड्याचाच? पेशी कुठल्या अवयवाच्या हे सुचवणाऱ्या सीके20, सीडीएक्स2 या प्रथिनांच्या तपासण्या वाट दाखवतात, आणि शेजारी ठेवायला पहिल्या ऑपरेशनचा ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) लागतो. तो गावच्या कपाटात राहिला, तर उत्तरासाठी पुन्हा एक एसटीची फेरी.